दिवाळीचा स्फोट, नोव्हेंबरची नोंद : श्रीलंकेतून परतलेल्या एका हवालदाराच्या साक्षीचं प्रकरण

हे प्रकरण सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त हवालदाराचं आहे. १९८७ ते १९८९ या काळात ते भारतीय शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होते. त्यांच्या इच्छेनुसार नाव, गाव, पलटणीचा क्रमांक आणि मृत सहकाऱ्याची ओळख पटेल असा तपशील इथे दिलेला नाही. घरात त्यांना सगळे अण्णा म्हणतात, तेच इथे वापरलं आहे.

घरच्यांची मागणी साधी होती. अण्णांचं वय झालंय, त्यांनी पाहिलेलं नीट नोंदवून ठेवावं. हाताशी तीन गोष्टी होत्या: गावातल्या सत्काराच्या वेळी पुतण्याने मोबाईलवर केलेलं रेकॉर्डिंग, डिस्चार्ज बुक (सैन्यातून सुटताना मिळणारी सेवेच्या नोंदीची पुस्तिका), आणि ट्रंकेत पत्रांचा एक गठ्ठा. अडचण रेकॉर्डिंगमधल्या एका वाक्याची होती. अण्णा ठामपणे सांगत होते की त्यांच्या सेक्शनमधला जवान दिवाळीच्या दिवशी सुरुंगाच्या स्फोटात गेला. त्या जवानाच्या घरी असलेल्या लष्करी कागदावर तारीख होती नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली. १९८७ सालचं लक्ष्मीपूजन २२ ऑक्टोबरला होतं. फरक दोन आठवड्यांहून जास्त, आणि तोही आयुष्यभर न विसरलेल्या दिवसाबाबत. पुतण्याला वाटलं, अण्णांची स्मृती गेली. तसं नव्हतं.

ज्या काळाची ही साक्ष आहे तो काळ

२९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत भारत-श्रीलंका करार झाला आणि लगेच भारतीय फौजा जाफना द्वीपकल्पातल्या पलाली विमानतळावर आणि कांकेसंतुरै बंदरावर उतरू लागल्या. काम शस्त्रं जमा करून घेण्याचं होतं. ५ ऑगस्टला एलटीटीईने (स्वतंत्र तमिळ राज्यासाठी लढणारी सशस्त्र संघटना) पलालीत थोडी शस्त्रं समारंभाने दिलीही. २६ सप्टेंबरला नल्लूरमध्ये उपोषणाला बसलेला एलटीटीईचा थिलीपन वारला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पकडलेल्या एलटीटीईच्या लोकांनी पलालीत सायनाईड घेतलं. त्यानंतर काही दिवसांतच शांतिसेना एलटीटीईविरुद्ध लढाईत उतरली. त्या लढाईला नाव मिळालं ऑपरेशन पवन.

मराठा लाईट इन्फन्ट्री आणि महार रेजिमेंट या दोन्हींच्या पलटणी तिथे होत्या, त्यामुळे महाराष्ट्रातल्या अनेक गावांत या मोहिमेतली माणसं आजही आहेत. शेवटची तुकडी २४ मार्च १९९० रोजी त्रिंकोमालीहून निघाली. अकराशेहून अधिक भारतीय सैनिक परतले नाहीत. १९७१ च्या युद्धातून आलेल्यांना गावाने खांद्यावर घेतलं. श्रीलंकेहून आलेल्यांना लोकांनी विचारलं, "तिकडं नक्की कशाला गेला होता?" या एका प्रश्नामुळे कित्येकांनी तोंड उघडलेलं नाही. साक्ष घेणाऱ्याने हे मनात ठेवूनच बैठकीला बसावं.

सत्कारातलं रेकॉर्डिंग का उपयोगी पडलं नाही

आवाज वाईट होता हे पहिलं कारण. मंडपात फोन टेबलावर उताणा ठेवलेला, माईक अण्णांपासून पाच-सहा फुटांवर, मागे लाऊडस्पीकर. पण आवाज स्वच्छ असता तरी हाती फार काही लागलं नसतं. प्रश्न होते "कसं वाटलं?" आणि "आजच्या तरुणांना काय संदेश द्याल?" असल्या प्रश्नांना माणूस भाषणाने उत्तर देतो. समोर सरपंच, शाळेची मुलं, हार-तुरे असताना सुभेदाराने शिवी दिल्याचं किंवा तीन दिवस पाय भिजलेले असल्याचं कुणी सांगत नाही.

त्या भाषणात आणखी एक गोष्ट होती. जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरमधून उतरलेल्या तुकडीची हकीकत अण्णांनी "आम्ही उतरलो" अशी सांगितली होती. ही घटना ११-१२ ऑक्टोबरच्या रात्रीची. तिथे १० पॅरा कमांडो आणि १३ शीख लाईट इन्फन्ट्रीचे जवान उतरले. शीख लाईट इन्फन्ट्रीच्या तीस जणांपैकी एकोणतीस मारले गेले, एक जिवंत पकडला गेला. अण्णांची पलटण त्यानंतर, कुमक म्हणून श्रीलंकेत पोचली होती. याला खोटं बोलणं म्हणू नये. ती हकीकत त्या ऑक्टोबरात द्वीपकल्पातल्या प्रत्येक पोस्टवर, प्रत्येक लंगरात (जवानांच्या स्वयंपाकघरात) फिरत होती. "आम्ही" म्हणजे शांतिसेना. साक्ष घेणाऱ्याने अशा प्रत्येक जागी एकच प्रश्न विचारायचा: "हे तुम्ही पाहिलं, की तिथे असताना ऐकलं, की घरी आल्यावर कळलं?" अण्णांनी क्षणभरही न अडखळता सांगितलं, ऐकलं. हाच प्रश्न एलटीटीईने केलेल्या राजीव गांधींच्या हत्येबाबतही लागतो. २१ मे १९९१ नंतर सगळ्यांच्याच आठवणींवर त्या घटनेची सावली पडली आहे, आणि "आम्हाला तेव्हाच कळलं होतं" हे वाक्य बहुतेकदा नंतरचं असतं.

बैठकीची मांडणी

जागा अण्णांच्या घरातलीच, पण पुढची पडवी नाही, मधली खोली. पडवीवर पत्रा होता, आणि पाऊस आला की पत्र्याखालचं रेकॉर्डिंग टाकून द्यावं लागतं. पंखा बंद, फ्रिजचं बटण बंद (परत चालू करायची आठवण राहावी म्हणून आपल्या गाडीची किल्ली फ्रिजवरच ठेवायची), भिंतीचं घड्याळ बाहेर. जमिनीवर सतरंजी आणि मागे गादी उभी केली की खोलीचा घुमारा बराच कमी होतो.

रेकॉर्डर साधा हातातला चालतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाईल ठेवावी, एमपीथ्री नको. एका माईकचं एका तासाचं रेकॉर्डिंग सुमारे ५२० एमबी होतं, दोन चॅनेलचं एक जीबीच्या थोडं वर. कॉलरचा माईक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावावा, उपरण्यावर किंवा शालीवर नाही, कारण कापड घासलं की खरखर येते. आवाजाची पातळी उणे बारा डेसिबलच्या आसपास ठेवली की माणूस एकदम मोठ्याने बोलला तरी आवाज फाटत नाही. फोन सगळ्यांचे एअरप्लेन मोडवर. सुरुवातीला तारीख, ठिकाण, हजर माणसं बोलून घ्यावीत आणि तीस सेकंद रिकाम्या खोलीचा आवाज घ्यावा. संपादनात तो भरणा म्हणून लागतो.

पायदळातल्या बहुतेक जुन्या माणसांना कमी ऐकू येतं. अण्णांचा डावा कान चांगला होता, म्हणून विचारणारा डावीकडे बसला, चेहऱ्यावर उजेड येईल असा. ओरडून विचारायचं नाही, सावकाश विचारायचं. एका बैठकीला एक ते सव्वा तास पुरे. त्यानंतर माणूस थकतो आणि संक्षेपात सांगू लागतो. घरच्यांना खोलीबाहेर ठेवणं अवघड असतं, पण गरजेचं. काकू आत आल्या की अण्णा रक्ताचा भाग गाळायचे. मुलगा बसला की त्याने आधी ऐकलेली आवृत्ती तोच पुरवायचा, "अहो अण्णा, ते पुलाचं सांगा ना." मग अण्णा पुलाचंच सांगायचे, नेहमीच्या शब्दांत.

प्रश्न हातांपासून सुरू करावेत. अण्णांना आधी रायफल विचारली. त्यांच्याकडे ७.६२ मिलिमीटरची एसएलआर रायफल होती, वीस गोळ्यांचं मॅगझिन. समोरच्यांकडे एके-४७, तीस गोळ्यांचं. हा फरक त्यांनी आकड्यांत सांगितला नाही. डावा हात कमरेपाशी गेला, रिकामं मॅगझिन शर्टाच्या आत टाकलं, नवं आणलं, अंगठ्याने दाबून बसवलं. रिकामं जमिनीवर टाकायचं नाही, कारण ते जमा करून द्यावं लागतं. एवढं करून झाल्यावर ते आपणहून बोलू लागले: किती भरलेली मॅगझिन असत, कोण कुठे चाले, एलएमजीवाला (हलकी मशीनगन चालवणारा) कोण, रोड ओपनिंगला (गाड्या जाण्याआधी रस्ता तपासून मोकळा करण्याला) कुणाची पाळी. तारखेने न उघडलेलं दार असं उघडतं. आवाजाबरोबर व्हिडिओही घ्यावा तो याचसाठी, हात नुसत्या आवाजात येत नाहीत.

दिवाळीचा गुंता

आता मूळ अडचण. इथे घाई केली असती तर दोनपैकी एक झालं असतं: कागद खरा मानून अण्णांना खोटं ठरवलं असतं, किंवा अण्णांचं ऐकून कागदावर कारकुनाची चूक असा शिक्का मारला असता. दोन्ही वाटा सोप्या आणि दोन्ही चुकीच्या.

पहिली तपासणी "दिवाळी" म्हणजे कोणता दिवस याची. तमिळ घरांत दीपावली नरकचतुर्दशीला असते. त्या वर्षी ती २१ ऑक्टोबरला होती, आणि मराठी जवानाच्या मनातलं लक्ष्मीपूजन २२ ला. जाफन्याच्या वेगवेगळ्या साक्षी जुळवताना "दिवाळीचा दिवस" एका दिवसाने हलतो तो यामुळे. या प्रकरणात एक दिवसाने काही भागत नव्हतं, पण ही तपासणी आधी संपवावी.

दुसरी तपासणी चंद्राची. अण्णांना विचारलं, स्फोटाच्या आदल्या रात्री तुमची संत्रीची पाळी कधी होती? मध्यरात्रीनंतरची. काय दिसत होतं? ताडांच्या सावल्या, म्हणाले, इतक्या की सावली हलली तरी बोट ट्रिगरवर जायचं. दिवाळीच्या अमावास्येला ताडाची सावली पडत नाही. पौर्णिमा ५ नोव्हेंबरला होती. त्यानंतरच्या आठवड्यात चंद्र रात्री उशिरा उगवून पहाटेपर्यंत राहतो. म्हणजे अण्णांचीच आठवण नोव्हेंबरचा दुसरा आठवडा सांगत होती, त्यांना नकळत. पंचांग जवळ ठेवणं हे साक्ष घेणाऱ्याचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित साधन आहे.

तिसरी तपासणी मातीची. अण्णा सगळ्या जागेला "जाफना" म्हणत. सैनिकाला ते पुरेसंही असतं. पण जाफना शहराच्या उत्तरेकडचा पलाली, उरुंपिराई, चुन्नाकम हा पट्टा लाल मातीचा आहे, आणि पूर्वेकडचा चावकच्चेरीचा भाग रेताड. स्फोटाच्या जागची माती कशी होती? पांढरी रेती, खड्डा खणला की कडा ढासळायच्या, आणि पावसाचं पाणी आत. लष्करी कागदावरचं ठिकाणही पूर्वेकडचंच होतं. तिकडे ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो, त्यामुळे पावसाचा उल्लेख तारीख ठरवायला उपयोगी नाही. चिखलावरून मात्र जागा ठरवता येते.

मग पत्रं. युद्धभूमीवरची पत्रं ५६ एपीओच्या (लष्करी टपाल कार्यालयाच्या) पत्त्यावर जात. ठिकाणाचं नाव लिहायची परवानगी नसे. ट्रंकेत अण्णांनी घरी पाठवलेलं एक पत्र निघालं, नोव्हेंबरच्या त्याच आठवड्यातलं. पत्रात चार ओळी फराळाबद्दल: डबा पोचला, चकली मऊ पडली, चिवड्याला वास लागला पण सगळ्यांनी खाल्ला, शंकरपाळे चांगले राहिले. स्फोटाबद्दल एक अक्षर नाही.

ते पत्र अण्णांच्या हातात दिलं आणि काही विचारलं नाही. रेकॉर्डर चालू होता. बऱ्याच वेळाने त्यांनी सांगितलं की डबा आला त्याच सकाळी तो फोडला, रोड ओपनिंगला निघणाऱ्यांना मूठ-मूठ दिलं. तो जवान शंकरपाळे खिशात भरून गाडीत चढला. त्यांच्यासाठी दिवाळी त्या दिवशी होती, कारण दिवाळी त्या दिवशी पोचली. कॅलेंडरवरची दिवाळी त्यांनी खंदकात काढली होती आणि ती त्यांना आठवतही नव्हती.

कागद बरोबर, अण्णाही बरोबर. लिखित साक्षीत त्यांचं वाक्य "दिवाळीच्या दिवशी" असंच ठेवलं. त्याच पानावर वेगळ्या टाईपात टीप दिली: कागदावरची नोंद नोव्हेंबरचा दुसरा आठवडा, निवेदकाच्या मते फराळ पोचला तो दिवस, पत्र क्रमांक अमुक. मूळ वाक्य दुरुस्त करून "नोव्हेंबरमध्ये" लिहिलं असतं तर तारीख सुधारली असती आणि साक्ष मेली असती.

पत्रात स्फोट का नाही, याने घरच्यांना फार लागलं. काकूंना वाटलं आपल्यापासून लपवलं. याला दोन कारणं होती आणि दोन्ही समजावून सांगावी लागली. कारवाईचा तपशील पत्रात लिहायची मनाईच होती. आणि ज्या हाताने डबा भरला तिला त्याच पत्रात मरण कळवायचं, हे कुणी करत नाही.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही, आणि ती तशीच सोडली आहे. लष्करी कागदावर मृत्यूचं कारण एका ओळीत आहे: सुरुंगाचा स्फोट. अण्णा सांगतात की आधी डावीकडून गोळ्यांची एक फैर आली, चालकाने वेग वाढवला आणि गाडी रस्त्याखालच्या पाण्याच्या मोरीवर गेली. मोरीखाली स्फोटकं पेरून, वायर लांब ताडांच्या आडोशाला नेऊन, माणूस बसवून उडवायची ही पद्धत तिथे सर्रास होती. गाडीला वेग घ्यायला लावण्यासाठी आधी गोळीबार करणं त्यात बसतं. पण दुसरा साक्षीदार नाही. जिवंत असलेल्या एका सहकाऱ्याने बोलायला नकार दिला. म्हणून टिपेत लिहिलं: एकाच साक्षीदाराचं कथन, कागदाशी विसंगत नाही, दुजोरा नाही.

नागरिकांबद्दल विचारायचं की नाही

विचारायचं. शेवटच्या बैठकीत, विश्वास बसल्यावर, आणि प्रश्न आरोपाचा नाही तशी सफाईला वाव देणाराही नाही, असा. २१ ऑक्टोबरला जाफन्याच्या सरकारी रुग्णालयात भारतीय सैनिकांच्या गोळीबारात डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णांसह साठहून अधिक माणसं मारली गेली. तमिळ कुटुंबांची त्या महिन्याची आठवण इथून सुरू होते. आपल्या माणसांच्या साक्षी गोळा करताना हे माहीत नसणं चालणार नाही.

अण्णा त्या घटनेच्या वेळी शहरात नव्हते. त्यांना विचारलं, "घरांची झडती कशी घेत होता?" उत्तर सविस्तर आलं: बाहेर किती, आत किती, बायकांना कुठे उभं करत, म्हाताऱ्यांना पाणी कोण देई. त्यात एका झडतीचा प्रसंग होता, जो त्यांनी घरात कधी सांगितलेला नाही. तो सांगण्याआधी रेकॉर्डर थांबवायचा का, हे त्यांना विचारलं. चालू ठेवा म्हणाले, पण मी असेपर्यंत कुणी ऐकायचं नाही. साक्ष देणाऱ्याला ही मुभा आहे हे पहिल्याच दिवशी, संमतीपत्रावर सही घेताना सांगितलेलं असावं. संमतीपत्रात चार पर्याय वेगवेगळे हवेत: सर्वांना खुलं, नाव वगळून खुलं, फक्त कुटुंबासाठी, ठरावीक मुदतीपर्यंत बंद. आणि पर्याय संपूर्ण साक्षीला नाही, भागाभागाला लावता यायला हवा. कायद्याने अडचणीत येईल असं काही माणूस सांगू लागला तर तिथे थांबवून तसं स्पष्ट सांगणं हेही विचारणाऱ्याचं काम आहे.

थांबण्याच्या खुणा ओळखता आल्या पाहिजेत. रडणं ही धोक्याची खूण नाही, रडू द्यावं. बोलता बोलता वर्तमानकाळ सुरू झाला, नजर एका जागी ठरली, श्वास वर चढला, प्रश्न कानावर जाईनासा झाला, तर विषय नाही, जागाच बदलावी: उठवून अंगणात न्यावं, पाणी द्यावं, आजची तारीख-वार, पेरणी, नातवंडं यावर बोलावं. स्फोटाच्या बैठकीनंतर अण्णांना दोन रात्री झोप नव्हती, हे काकूंनी फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी फोन करायचा हे आधीच ठरलेलं असतं, म्हणूनच ते कळलं. पुढची बैठक लांबवली आणि तीत फक्त स्वयंपाक, कपडे, परतीचं जहाज एवढंच घेतलं. माजी सैनिकांसाठी ईसीएचएसचं (त्यांच्या आरोग्य योजनेचं) पॉलिक्लिनिक असतं, आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक मराठीतही चालतो. दोन्ही गोष्टी संमतीपत्राच्या मागे छापून ठेवाव्यात.

कागद कसे मिळाले

सैनिकाच्या सेवेचे कागद त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात: मराठा लाईट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महारचं मध्य प्रदेशात सागरला. अर्ज सैनिकाने स्वतः, आर्मी नंबर, हुद्दा, भरती आणि निवृत्तीची तारीख लिहून, डिस्चार्ज बुकाच्या पहिल्या पानांची प्रत जोडून करावा. पुतण्याच्या सहीने गेलेला अर्ज परत येतो. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज, मुदत तीस दिवस. त्यातही दुसऱ्याच्या मृत्यूची कागदपत्रं सहसा मिळत नाहीत. ती त्या कुटुंबाकडूनच, त्यांच्या परवानगीने पाहावी लागतात. इथे तसंच केलं, आणि त्या घरी जाऊन आधी काय विचारायचं आहे ते सांगितलं. मृताच्या वहिनींनी कागद दाखवला, फोटो काढू दिला नाही. टिपेत म्हणून "पाहिलेला कागद" असं लिहिलं आहे.

रेकॉर्डिंग शब्दशः उतरवून काढायला एका तासाच्या आवाजामागे सहा तास धरावेत. अण्णांची बोली माणदेशी, तीत लष्करातली हिंदी आणि मधूनच तमिळ शब्द. "व्हतं" चं "होतं" केलं नाही. आरओपी (रोड ओपनिंग पार्टी), पिट्टू (पाठीवरची पिशवी), लंगर, फॉलिन (रांगेत उभं राहणं) या शब्दांची यादी शेवटी जोडली. छापील प्रत अण्णांना मोठ्याने वाचून दाखवली. त्यांनी तीन जागी दुरुस्ती केली, तिन्ही नावांच्या, आणि एका जागी सुभेदारांबद्दलचं वाक्य काढायला सांगितलं. ते काढलं.

मूळ वेव्ह फाईल्सच्या तीन प्रती आहेत: एक कुटुंबाकडे पेन ड्राईव्हवर, एक हार्ड डिस्कवर दुसऱ्या गावात, एक क्लाउडवर. पेन ड्राईव्ह कपाटात ठेवून विसरायचा नाही, वर्षातून एकदा जोडून फाईल उघडून पाहायची आणि दोन-तीन वर्षांनी नव्यावर उतरवायची. झडतीचा भाग वेगळ्या फाईलमध्ये आहे, पासवर्ड बंद पाकिटात, पाकिटावर अण्णांची सही आणि उघडण्याची अट. पाकीट त्यांनी मुलाकडे दिलं नाही. थोरल्या सुनेकडे दिलं आहे.